एकास बहात्तर : प्लॅस्टिकच्या लढाऊ विमानाची कुळकथा

लढाऊ जेट विमानाचे प्लॅस्टिकचे किट दुकानात खेळण्यांच्या शेजारी मांडलेले असते. खोक्यावर ढग कापत जाणाऱ्या विमानाचे चित्र, आत करड्या प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले सुटे भाग, जोडणीच्या क्रमाचा कागद आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचा तक्ता. त्यामुळे या वस्तूचे कूळ शोधणारा बहुधा खेळण्यांच्या इतिहासाकडे वळतो आणि आधी पत्र्याचे विमान, मग लाकडाचे, मग प्लॅस्टिकचे असा सरळ वंशवृक्ष काढतो. हा वंशवृक्ष मला अपुरा वाटतो. पत्र्याचे विमान विमानासारखे दिसले की झाले. किटमधल्या विमानाला मात्र एका ठरावीक विमानाच्या मापाशी इमान राखावे लागते. पंख दोन मिलिमीटरने आखूड निघाला, नाकाचा उतार जरा बोथट झाला, तर ते किट जोडणारे लोक नकाशे पुढ्यात ठेवून चूक दाखवतात आणि ती दुरुस्तही करतात. हा काटेकोरपणा कुठून आला, हा या कुळकथेचा खरा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की या वस्तूचे मूळ मोजपट्टीत आहे आणि तिला आजचे रूप दिले ते विमान नजरेने ओळखण्याच्या निकडीने.

सुरुवात ब्रिटनमध्ये, १९३०च्या दशकाच्या आरंभी होते. जेम्स हे स्टीव्हन्स यांनी आखलेल्या ‘स्कायबर्ड्स’ या लाकडी किटांच्या मालिकेत प्रत्येक विमान एकास बहात्तर या एकाच प्रमाणात होते. हा आकडा आज विचित्र वाटतो, पण फूट आणि इंच वापरणाऱ्या देशात तो अगदी सरळ होता. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. पुढे रूढ झालेली मोठी प्रमाणेही याच पट्टीवरची आहेत. एकास अठ्ठेचाळीस म्हणजे फुटाला पाव इंच, एकास बत्तीस म्हणजे फुटाला तीन अष्टमांश इंच. जपानमध्ये सगळा व्यवहार मीटरमध्ये चालतो, तरी शिझुओका प्रांतातल्या हासेगावा आणि तामिया या कंपन्यांची विमाने आजही मुख्यतः याच प्रमाणांत निघतात. एकदा एका प्रमाणातली विमाने शेजारी ठेवता येऊ लागली की प्रमाण बदलणे म्हणजे आधीच्या साऱ्या संग्रहाशी नाते तोडणे. म्हणून मोजपट्टी बदलली तरी तिने पाडलेले प्रमाण टिकले.

प्लॅस्टिक आले १९३६ मध्ये. उडणाऱ्या मॉडेलांसाठी नावाजलेल्या ‘फ्रॉग’ या ब्रिटिश छापाने ‘पेंग्विन’ नावाची न उडणाऱ्या विमानांची मालिका काढली. तिचे सुटे भाग सेल्युलोज ॲसिटेटचे होते आणि प्रमाण तेच, एकास बहात्तर. पूर्णपणे प्लॅस्टिकची विमानकिटे म्हणून पहिला मान या मालिकेला दिला जातो. इथे आक्षेप येऊ शकतो की महायुद्धाआधीच खेळणी विकणाऱ्या उद्योगाने ही वस्तू बाजारात आणली होती, मग विमान ओळखण्याच्या निकडीला जन्मदाती म्हणण्याचे कारण काय? आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य आहे. प्रमाण आणि प्लॅस्टिक या दोन्ही गोष्टी युद्धाआधी एकत्र आल्या होत्या. पण तेव्हा ते प्रमाण एका छंदाची सोय होते. चुकले तर कुणाचे फारसे बिघडत नव्हते. मापाची चूक माणसाच्या जिवावर बेतू शकते हे युद्धाने दाखवून दिले, आणि तेव्हापासून प्रतिकृतीकडून असलेली अपेक्षाच बदलली.

युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा ६ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन विमाने पाडली आणि त्यांतला एक वैमानिक मारला गेला. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दुर्घटनेमागे कारणे अनेक होती, पण आपले विमान आपल्याच माणसाला ओळखता आले नाही हे त्यांतले ठळक होते. विमान ओळखणे हे स्वतंत्र शिक्षण झाले. ब्रिटनमध्ये १९४१ पासून त्यासाठी ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक निघू लागले. अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये देशभरातल्या शाळांतील विद्यार्थ्यांकडून एकास बहात्तर प्रमाणातल्या ५ लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. त्यांना काळा रंग दिला जाई, कारण शिकवायची होती ती फक्त बाह्यरेषा. हेच प्रमाण का, याचे उत्तर साध्या गुणाकारात आहे. अशी प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली की ती २,५२० फुटांवरच्या, म्हणजे जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. वर्गाच्या छताला टांगलेले विमान आणि आकाशातला ठिपका यांच्यातले हे समीकरण माप अचूक असेल तरच खरे ठरते. पुढे शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने ओळखीच्या या प्रतिकृती प्लॅस्टिकमध्ये ओतून काढल्या. आजच्या किटांची नाळ मला या काळ्या विमानांशी जुळलेली दिसते.

युद्धानंतर दोन गोष्टींनी किट घराघरांत नेले, पॉलिस्टायरीन आणि दाबाने साच्यात प्लॅस्टिक भरण्याचे यंत्र. सेल्युलोज ॲसिटेट काळाच्या ओघात वाकते, पॉलिस्टायरीन आकार धरून ठेवते. शिवाय योग्य द्रावक लावला की त्याचे दोन्ही पृष्ठभाग विरघळून एकजीव होतात, म्हणजे सांधा चिकटत नाही तर मिसळतो. यंत्राची अट मात्र कडक आहे. पोलादी साचा सरळ उघडला पाहिजे, त्यामुळे आत वळलेला किंवा अडकणारा आकार त्यातून निघत नाही. विमानाचे धड डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्ध्यांत येते ते याच कारणाने. साचा अतिशय महाग आणि त्यात भरले जाणारे प्लॅस्टिक अतिशय स्वस्त, म्हणून एकच साचा दशकानुदशके वापरणे परवडते. हंगेरीतून आलेले निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये स्थापलेली ‘एअरफिक्स’ युद्धानंतर याच पद्धतीने कंगवे बनवत होती. तिने १९५२ मध्ये ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचे आणि त्यानंतर स्पिटफायरचे किट काढले आणि वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांत प्रतिकृती मिळू लागली.

व्यापाराने मापाचा बळी दिला, असे या टप्प्याबद्दल म्हणता येईल, आणि त्याला पुरावाही आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या रेव्हेलसारख्या कंपन्या विमान ठरलेल्या खोक्यात मावेल अशा बेताने काढत. त्यामुळे लहान लढाऊ विमान आणि भलेमोठे बाँबफेकी विमान जवळपास सारख्याच लांबीचे निघे. मूळ प्रेरणा निव्वळ विक्रीची असती, तर हीच पद्धत टिकायला हवी होती, कारण कारखान्याला आणि दुकानदाराला तीच सोयीची होती. पण ती टिकली नाही. घेणाऱ्यांनी एकाच प्रमाणाचा आग्रह धरला आणि १९६०च्या दशकात कंपन्यांना त्यामागे जावे लागले. मोनोग्रामने १९६८ मध्ये बी-५२ हे बाँबफेकी विमान एकास बहात्तरमध्ये काढले. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ७८ सेंटिमीटर भरतो. इतके अवजड खोके विकायला काढणे ही मापापुढे व्यापाराने घातलेली मान आहे.

एका प्रमाणाचा हा आग्रह काय शिकवतो, ते आपल्या ओळखीच्या विमानांवरून पाहावे. १९६५च्या युद्धात भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानांनी पाकिस्तानच्या सेबरना तोंड दिले. नॅटच्या पंखांचा विस्तार पावणेसात मीटर, सेबरचा सव्वाअकरा. एकास बहात्तरमध्ये नॅट सुमारे साडेनऊ सेंटिमीटरचे होते आणि सेबर पावणेसोळा सेंटिमीटरच्या आसपास. दोन्ही टेबलावर समोरासमोर ठेवली की नॅट हवेत नजरेस पडणे इतके अवघड का होते, हे समजायला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या मिग-२१ची त्यांच्या शेजारी भर घातली, तर दहा सेंटिमीटरही न भरणारे तोकडे त्रिकोणी पंख आणि लांबलचक नळीसारखे धड एका दृष्टिक्षेपात सांगतात की हे विमान वेगाने वर चढण्यासाठी आखले होते. खोक्याच्या मापाने बनवलेल्या प्रतिकृती यातले काहीही सांगू शकत नाहीत.

जेट विमानाने जोडणाऱ्याचे कामही बदलले आणि ते अधिक कसाचे केले. पंख्याच्या जुन्या लढाऊ विमानांपैकी बहुतेक शेपटीच्या चाकावर टेकून उभी राहत. जेट विमान नाकाखालच्या चाकावर उभे राहते, पण प्रतिकृतीत इंजिनाचे वजन नसते आणि प्लॅस्टिकचा भार मागे पडतो. म्हणून धडाचे दोन अर्धे जोडण्याआधी नाकात शिशाचे किंवा पोलादाचे वजन बसवावे लागते, नाहीतर विमान शेपटीवर बसते. हवा ओढून घेणाऱ्या मुखाच्या आत सांध्याची रेघ दिसत राहते, आणि तिथे कानशी पोहोचत नाही. १९५०च्या दशकातली कित्येक जेट विमाने रंग न देता उघड्या ॲल्युमिनियममध्येच उडत. ती चकाकी प्लॅस्टिकवर आणताना पृष्ठभागावरचा बारीकसा ओरखडाही लपत नाही. या प्रत्येक अडचणीत जोडणाऱ्याला खऱ्या यंत्राच्या रचनेचाच विचार करावा लागतो. भार कुठे आहे, हवा कुठून शिरते, पत्रा कुठे जोडला आहे, हे प्रश्न कारखान्यातल्या अभियंत्याचेही असतात.

प्रतिकृती ही मोजमापाची नोंद आहे याचा सर्वांत बोलका पुरावा तिच्यावर घेतलेल्या आक्षेपांतच सापडतो. १९६१ मध्ये रेव्हेलने पोलॅरिस क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या अमेरिकी पाणबुडीचे किट २ डॉलर ९८ सेंटला विकायला काढले, तेव्हा अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे प्रणेते ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जाहीर तक्रार केली की यातून शत्रूला मौल्यवान माहिती फुकटात मिळते. खेळण्यावर कुणी गुपिते फोडल्याचा आरोप करत नाही. उलट दिशेचे उदाहरण १९८६चे आहे. टेस्टर्स कंपनीने रडारला चुकवणाऱ्या एका गुप्त विमानाचे ‘एफ-१९’ नावाचे किट काढले. ते इतके गाजले की अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातही त्याची चर्चा झाली. पण १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने रडारला चुकवणाऱ्या खऱ्या विमानाचे, म्हणजे एफ-११७चे, चित्र जाहीर केले, तेव्हा ते वळणदार कडांच्या एफ-१९शी अजिबात जुळले नाही. खरे विमान सपाट पैलूंचे होते. एफ-१९ चांगले विकले गेले, पण आज ते अंदाज म्हणून जपले जाते, विमानाची प्रतिकृती म्हणून नाही. मोजायला वस्तूच नसली की कुशल आरेखकाच्या हातूनही कल्पनाचित्रच निघते, हे या किटाने सिद्ध केले.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हे सारे शेवटी मारण्याच्या यंत्रांचे कौतुक आहे, आणि ते मुलांच्या हातात दिले जाते. खोक्यांवरच्या चित्रांबद्दल हा आक्षेप खरा आहे, त्यांत युद्ध नेहमीच देखणे असते. पण जोडण्याच्या कामाबद्दल तो लागू पडत नाही. ज्याने वैमानिकाची चिंचोळी बैठक बोटांनी बसवली आहे, इंधनाच्या टाक्यांच्या मधोमध ती कशी अडकलेली असते हे पाहिले आहे, त्याला त्या विमानात बसणाऱ्या माणसाचा धोका चित्रापेक्षा अधिक नेमका कळतो. शिवाय ही यंत्रे विसाव्या शतकाच्या इतिहासाचा भाग आहेत, आणि शस्त्राचा अभ्यास न करणे म्हणजे त्याच्यापासून सुटणे नव्हे.

हे कूळ मान्य केले तर आपल्यावर एक काम येते. जर्मन विमानअभियंते कर्ट टँक यांच्या आराखड्यावर बंगळुरूत घडलेले आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले मारुत हे लढाऊ जेट विमान आज केवळ संग्रहालयांत उरले आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारातही ते पाहायला मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ही भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. उघड्यावर ठेवलेल्या विमानांवर ऊन-पाऊस परिणाम करतो, आणि दर डागडुजीत मूळ रंग, खुणा, झाकणे बदलत जातात. या विमानांची मापे, छायाचित्रे आणि रेखाचित्रे व्यवस्थित घेऊन ती अभ्यासकांना खुली केली पाहिजेत. हे काम संग्रहालये करू शकतात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी करू शकतात, आणि प्रतिकृती जोडणारे तर आनंदाने करतील. ८० वर्षांपूर्वी शाळकरी मुलांनी लाकडात जी शिस्त उतरवली तिला याहून योग्य विषय सापडणार नाही, कारण ज्या विमानाची मापे घेतलेली नसतील त्याचे पुढच्या पिढीला फक्त एफ-१९ करता येईल.