मणी केवढा होता?

मंडळी, आज बारडोलीची एक आठवण, थोडी इतिहासाची आणि थोडी माझ्या चुकीची.

बाबा नंदुरबारहून इथल्या साखर कारखान्यात आले आणि आम्ही बारडोलीकर झालो. १९८६ साली मी एका फोटो स्टुडिओत काम शिकत होतो. आमच्या इतिहासाच्या सरांना तापीकाठच्या शेतांत सापडणाऱ्या जुन्या वस्तू जमवायचा नाद. बडोद्याच्या विद्यापीठानं आपल्याच सुरत जिल्ह्यात जोखा आणि धातवा इथं उत्खनन केलं होतं. सरांना आपल्या वस्तू तिथल्या जाणकारांना दाखवायच्या होत्या. "फोटो काढ रे, पण रोल एकच हं!" म्हणजे ३६ फोटो.

दगडी पाटा दोघांनाही उचलेना. तो अंगणातच ठेवून मी खुर्चीवर चढलो. काळ्या झिलईच्या वाडग्यावर फ्लॅशचा पांढरा डाग पडायचा, म्हणून खिडकीला सरांचं धोतर बांधून उजेड मऊ केला. झिजलेलं नाणं समोरून कोरं दिसायचं. उजेड बाजूनं तिरपा पाडला तेव्हा अक्षरं वर आली. सगळ्यात छळलं ते मण्यानं. घरंगळायचा, म्हणून खाली मेण लावलं. लेन्समागे रिंग लावून जवळ गेलो तर पुढची कड स्पष्ट आणि भोक धूसर. शेवटी छिद्र बारीक केलं, कॅमेरा तिपाईवर ठेवला, श्वास रोखला.

प्रिंट झकास आल्या. सर मात्र हसले, "अरे, मणी पाट्याएवढा दिसतोय! शेजारी पट्टी कुठाय?"

पट्टी ठेवलीच नव्हती. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला कांस्यरथ पुस्तकात पाहिला, तर देवळाचा रथ वाटतो. प्रत्यक्षात लांबी जेमतेम ४५ सेंटिमीटर! फोटो आकार दाखवतो, माप नाही.

"पावसाळ्यानंतर पुन्हा काढू," सर म्हणाले. त्याआधीच ते गेले. पुढे घर पाडलं आणि मण्यांचा डबाही हरवला. आता उरलाय फक्त माझा फोटो. मला मणी हरभऱ्याएवढा आठवतो, सरांच्या मुलीला सुपारीएवढा. खरं कोण सांगणार?

तुमच्या घरी आजीची नथ, अडकित्ता, जुनं नाणं असेल, तर आजच फोटो काढा. आणि शेजारी पट्टी ठेवा बरं का!