मिलिंद: हरलेल्या राजाचं नाव

देवगाव रंगारी हे नाव आपलं कूळ आपणच सांगतं. रंगाऱ्यांचा धंदा गावाला कायमचा चिकटला आहे. त्याच जिल्ह्याच्या शहरातल्या, छत्रपती संभाजीनगरातल्या मिलिंद महाविद्यालयाचं नाव मात्र चकवतं. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा. या मिलिंदाचा भुंग्याशी काही संबंध नाही.

हा मिनँडर, इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. राजधानी सागल, म्हणजे आजचं सियालकोट. पालीत त्याचा मिलिंद झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो भिक्खू नागसेनाला प्रश्नांनी घेरतो. नागसेन आधीच अट घालतो: पंडितासारखा वाद घालणार असशील तर बोलू, राजासारखा घालणार असशील तर नको. चूक दाखवली म्हणून पंडित रागावत नाही. राजा दंड करतो. मिलिंद अट मान्य करतो आणि शेवटी हारही.

पराभव कबूल करण्याचा हा प्रामाणिकपणा बाबासाहेब आंबेडकरांना भावला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं महाविद्यालय काढलं, ते छावणीतल्या बराकींत. निजामी राजवट जाऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी नव्या इमारतीची कोनशिला बसवली. पुढे महाविद्यालय ‘मिलिंद’ झालं, परिसर ‘नागसेनवन’. विचारणाऱ्याचं नाव वास्तूला, उत्तर देणाऱ्याचं वनाला.

शहराच्या नावांची तऱ्हा वेगळी. मलिक अंबरनं १६१० साली वसवलेली खडकी त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या काळात फतेहनगर झाली. फतेह म्हणजे विजय. १६५३ नंतर औरंगाबाद, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. सत्ता पालटली की पाटी पालटली. नागसेनवनात मात्र वादात हरलेल्या राजाचं नाव टिकून आहे.

गावात ज्यांच्या आजोबांना वर मान करून प्रश्न विचारायची मुभा नव्हती, त्यांची नातवंडं या नावाखाली शिकली. इथले प्राचार्य म. भि. चिटणीसांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं. ‘अस्मितादर्श’ नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे इथंच शिकवत. आज बौद्ध घरात मुलाचं नाव मिलिंद ठेवतात, तेव्हा कुणाच्या मनात भुंगा नसतो. पाळण्यात प्रश्न विचारणारा राजा असतो.