हिमाचा तळचा थर

मराठीत 'बर्फ' म्हटले की लादी डोळ्यांसमोर येते. आकाशातून पडते ते हिम. ताजे असताना त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. अशा पिठासारख्या हिमावरून डोंगर उतरणे हे स्की खेळणाऱ्यांचे मोठे सुख. मात्र पुष्कळदा या ताज्या हिमाखालचा, कित्येक आठवड्यांपूर्वीचा थर त्यांचा घात करतो.

हे ओळखणाऱ्यांपैकी एक विल्हेल्म पाउल्के. हा जर्मन भूशास्त्रज्ञ स्वतः स्कीपटू होता. १८९७ साली त्याने सोबत्यांसह स्वित्झर्लंडचा बर्नीज ओबरलँड स्कीवरून पार केला होता. पुढे त्याने खडकांचे थर पाहावेत तसे हिमाचे थर पाहिले. तळाशी साखरेसारखे सुटे दाणे होते. त्यांना त्याने 'पोहणारे हिम' म्हटले.

हे दाणे येतात कोठून? १९३६ साली दावोसजवळ वाइसफ्लुयोख येथे, अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर, हिमाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. हेन्री बाडर हा खनिजशास्त्राचा, रॉबर्ट हेफेली मृदायांत्रिकीचा. हिमाकडे खनिज म्हणून पाहण्याची ही दृष्टी आम्हाला फार मोलाची वाटते. त्यांचा ग्रंथ १९३९ साली निघाला.

हिमाखालची जमीन ०° सेल्सिअसच्या आसपास राहते. वरचा पृष्ठभाग उणे २०° झाला आणि थर दोन मीटरांचा असला, तर दर मीटरला १०° फरक पडतो. थर अर्धाच मीटर असला तर ४०°. फरक असा तीव्र झाला की तळच्या कणांतून वाफ निघून वरच्या थंड कणांवर गोठते. हळूहळू पेल्याच्या आकाराचे, एकमेकांना जेमतेम चिकटलेले स्फटिक तयार होतात. म्हणजे हिवाळ्याच्या आरंभी हिम कमी पडले तर नंतरचा धोका वाढतो!

वर्गात पाटावर मैदा, त्यावर साखर आणि वर पुन्हा मैदा दाबून पसरावा. पाट हळूहळू कलता केला की वरचा मैदा वडीसारखा सुटतो. डोंगरावर मात्र उतार ३०° च्या पुढे असला की एका माणसाचे वजनही पुरते. स्कीपटूंच्या जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांत हिम सोडवणारा स्वतः बळी किंवा त्याचाच सोबती असतो.

युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरल्या आहेत. स्वित्झर्लंडमध्ये जवळजवळ निम्मे मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात. चौथी जाहीर झाली की बहुतेक लोक डोंगरावर जातच नाहीत.