एरचच्या विटा आणि झाशीची सुभेदारी

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे जुने गाव आहे. लोक त्याला हिरण्यकशिपूची राजधानी मानतात आणि होळीची कथा तेथवर नेऊन भिडवितात. आम्हांस मात्र तेथे सापडलेल्या लेखयुक्त विटांचे कुतूहल अधिक. त्यांवरील ब्राह्मी लेखांत दशार्ण देशाच्या एका घराण्याची वंशावळ आली आहे. पणजोबा शतानीक हा 'सेनापती', आजोबा आदितमित्र हा 'दशार्णाधिपती', बाप मूलमित्र आणि मुलगा आषाढमित्र हे दोघेही 'दशार्णेश्वर'. चाकरीचा हुद्दा तिसऱ्या पिढीत देशाचे धनीपण होऊन बसला. पुष्यमित्र शुंगाने तर दोन अश्वमेध केले, तरी अयोध्येच्या लेखात तो 'सेनापती'च आहे.

अकबराच्या काळी एरच हे आग्रा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. पुढे १७२९ त बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यास धावला, बुंदेलखंडाचा हिस्सा पेशव्यांकडे आला आणि आपली मंडळी या मुलखात आली. रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे गोविंद बल्लाळ खेर येथे इतके मुरले, की त्यांचे आडनावच 'बुंदेले' झाले.

पेशवाईत मामलतदाराची नेमणूक कागदोपत्री सालोसालची. पुण्याहून अजमासाचा बेहडा यावयाचा, रसद आगाऊ भरावयाची, आणि मजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस हे दरखदार हाताखाली असले तरी त्यांस बडतर्फ करण्याचा अधिकार मामलतदारास नाही. फडणिसाच्या कागदावाचून हिशेब पुरा होत नसे. एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी, अशी ही रचना होती. पण पुणे दूर, मुलूख धुमाळीचा, आणि वसुलाबरोबर फौजही बाळगावी लागे. त्यामुळे माणूस हलविणे कठीण होई. पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंतांकडे पैशासाठी तगादा लावला. डिसेंबर १७६० मध्ये शत्रूची रसद तोडण्याच्या कामी पंत मारले गेले. त्यांच्यामागे बुंदेलखंडातील कारभार त्यांच्या मुलांकडेच राहिला.

चीनच्या बादशहांनी या रोगावर कडक औषध योजिले होते. तेथे हुद्द्यांच्या नऊ श्रेणी, प्रत्येकीचे दोन भाग. छिंग राजवटीत दर्जा अंगरख्यावरील पक्ष्याच्या वा पशूच्या चित्रावरून ओळखावयाचा. अधिकाऱ्यास स्वतःच्या प्रांतात नेमीत नसत व मुदत संपली की बदली करीत. घर सोडून परप्रांती नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस हा नियम ओळखीचा वाटेल. मुलखात मुळे रुजू नयेत, हाच त्याचा हेतू. मात्र नवखा अधिकारी स्थानिक कारकुनांच्या हाती सापडे, हेही खरे.

झाशीत १७४२ पासून नारो शंकर होते. त्यांना १७५७ त परत बोलाविता आले. नेवाळकरांना तसे बोलाविणारे पुण्यात कोणी उरले नाही. रघुनाथ हरी, मग शिवरावभाऊ, असे सुभेदार एकाच घरातून होत गेले. १८१७ च्या तहाने इंग्रजांनी रामचंद्ररावांचा वंशपरंपरा हक्क मानला. १८३२ त बेंटिंकने त्यांना 'महाराजाधिराज फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान' असा किताब दिला. किताबात महाराजाधिराज आणि लगेच फिदवी, म्हणजे चाकर! दशार्णाधिपती ते दशार्णेश्वर ही पायरी या घराण्याने अशी ओलांडली. निदान त्यांना तसे वाटले.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले; आदल्या दिवशी दत्तविधान झाले होते. राणी लक्ष्मीबाईंनी फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यात तहातील 'वारसान' आणि 'जानशीनान' या शब्दांवर बोट ठेवले: दुसऱ्या शब्दात दत्तकही येतो. ओरछा व दतियाचे दाखलेही दिले. आमच्या मते युक्तिवाद भक्कम होता. परंतु डलहौसीने तहाच्या मागे जाऊन जुने दप्तर उघडले. ओरछा-दतियाचे राजे मूळचे राजे; झाशीवाले मूळचे पेशव्यांचे सुभेदार, नेमलेले अधिकारी; तेव्हा औरस वारस नसता मुलूख सरकारचा. बावीस वर्षांपूर्वीच्या किताबाने हुद्द्याचा जन्म पुसला जात नाही, असे त्याचे म्हणणे.

मार्च १८५४ त संस्थान खालसा झाले व राणीला दरमहा पाच हजार रुपये तनखा ठरला. आषाढमित्राने मात्र पणजोबांचा सेनापतीचा हुद्दा आपण होऊन विटेवर लिहविला होता.