मोची, दोरी आणि आपलं धान

मागच्या आठवड्यात कामानिमित्त नागपूरला गेलो होतो. भाची तिथेच शिकते. म्हणाली, "मामा, आज तुम्हाला जपानी गोड खाऊ घालते." धरमपेठेत संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत बाया मिळण्यासारखं आहे. तीन चकरा मारल्या तेव्हा कुठे एका बोळात गाडी घुसली.

दुकान छोटंसंच. लाकडी पट्ट्या, कागदाचे कंदील, काचेआड रांगेत मांडलेले रंगीत गोळे. पाटीवर दुकानाच्या नावाखाली लिहिलेलं, "जपानी प्रेरणेतून". भाचीने दोन मोची मागवल्या. लिंबाएवढा पांढरा गोळा, वरून पिठी भुरभुरलेली, आत आईस्क्रीम. एका गोळ्याचे १३० रुपये! हातात घेतला तर तान्ह्या लेकराच्या गालासारखा मऊ. दाताने तोडायला गेलं की चिकासारखा ताणला जातो.

"कशाचं आहे हे?" मी विचारलं.

काउंटरमागचा पोरगा हसला. "तांदळाचं जी."

त्या "जी"वरूनच ओळखलं. म्हटलं, "गाव कोणतं बाबू?"

"लाखांदूरकडचा हाय जी. तुमी?"

"भंडारा."

पोरगा खुलला. घरी अडीच एकर धान आहे. बाप आणि मोठा भाऊ चुरणी आटोपून खरेदी केंद्राच्या नंबराची वाट पाहताहेत. हा इथे दिवसभर तांदळाचं पीठ वाफवतो, मळतो, गोळे वळतो. मी विचारलं, हे पीठ कुठलं? त्याने आतून रिकामी पिशवी आणून दाखवली. पिशवीवर लिहिलं होतं, थायलंड.

मित्रांनो, तिथून परत येताना मौद्यापर्यंत माझ्या डोक्यात हेच फिरत होतं. धानाच्या जिल्ह्यातला पोरगा शहरात जाऊन थायलंडच्या तांदळाचा जपानी गोळा वळतो आणि त्याच्या घरचं धान पोत्यात पडून आहे. म्हणून म्हटलं, या गोळ्याचा आणि आपला इतिहास एकदा नीट लिहून काढावा. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आधी मोचीबद्दल. जपानमध्ये हा नववर्षाचा पदार्थ. खास चिकट जातीचा तांदूळ भिजवायचा, वाफवायचा आणि मोठ्या उखळात लाकडी मोगरीने कुटायचा. एक जण कुटतो, दुसरा दोन घावांच्या मधे हात घालून गोळा फिरवतो. आपल्याकडे दोघी जणी एका उखळात आळीपाळीने मुसळ घालायच्या, तसाच ताल. आपला रोजचा तांदूळ कितीही कुटला तरी असा ताणला जाणार नाही. तांदळात दोन तऱ्हेचं स्टार्च असतं. त्यातलं भात मोकळा ठेवणारं अमायलोज या चिकट जातींत जवळजवळ नसतंच. म्हणून तो रबरासारखा होतो. असा तांदूळ भारतात पिकतच नाही असंही नाही. आसामचा बोरा साऊळ, मणिपूरचा काळा चाखाओ हे त्याच गोत्रातले. आपल्याकडे मात्र तो नाही.

मोचीच्या आत जपानी लोक परंपरेने अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण भरतात. आपल्या पुरणाचा भाऊच म्हणा. यामागेही एक गंमत आहे. जपानी मिठायांपैकी योकान नावाची जी वडी आहे, तिचं मूळ चीनमधल्या मेंढीच्या मांसाच्या रश्श्यात. बौद्ध भिक्खूंना मांस चालेना, त्यांनी त्या जागी कडधान्य घातलं. पुढे साखर आली आणि ती मिठाई झाली.

आणि आतलं आईस्क्रीम? १९८१ मध्ये जपानमध्ये लोट्टे कंपनीने आईस्क्रीम भरलेला असा गोळा बाजारात आणला होता. पण आज जगभर ज्याला "मोची आईस्क्रीम" म्हणतात तो प्रकार रुजवला अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या लिटल टोकियो या गजबजलेल्या वस्तीतल्या मिकावाया या मिठाईच्या दुकानाने, १९९० च्या दशकात. चालवणाऱ्या होत्या फ्रान्सेस हाशिमोटो. त्यांचा जन्म १९४३ चा, पोस्टनच्या छावणीतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लाखाहून जास्त लोकांना घरंदारं सोडायला लावून अशा छावण्यांत डांबलं होतं. १९१० पासूनचं दुकानही बंद पडलं. युद्धानंतर कुटुंब परतलं, दुकान पुन्हा उघडलं आणि त्याच छावणीत जन्मलेल्या मुलीने आजीच्या काळच्या मोचीत अमेरिकन आईस्क्रीम भरलं. म्हणजे धरमपेठेतली ती १३० रुपयांची मोची नुसती जपानी नाही. वस्तीतून उठवलेल्या लोकांनी परत येऊन मांडलेला संसार आहे तो.

आता आपल्याकडे या. आपल्या भागात जपान मोचीच्या फार आधी आला आहे.

पहिल्यांदा आला डफासारखं वाद्य वाजवत. निचिदात्सू फुजी हे जपानी भिक्खू १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. सेवाग्रामच्या प्रार्थनेची सुरुवात आजही त्यांच्या "नम्यो हो रेंगे क्यो" या मंत्राने होते. पुढे १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, आणि १९६० च्या दशकात सुरेई ससाई नागपूरला आले ते इथलेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभं राहिलं. आणि आपल्याच जिल्ह्यात, पवनीजवळ रुयाड (सिंदपुरी) इथे महासमाधीभूमीचा महास्तूप आहे. जपानमध्ये शिकून आलेले भदंत संघरत्न माणके यांनी तो उभा केला. फेब्रुवारीतल्या धम्ममहोत्सवाला जपानी भिक्खू येतात, आपल्या बाया त्यांना चुलीवरचा भात वाढतात. ज्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात दोन हजार वर्षांपूर्वीचे स्तूप सापडले, तिथे हे लोक येणं म्हणजे पाहुण्यांनी येणं नाही, आजोळी येणं आहे.

दुसऱ्यांदा जपान आला तो थेट आपल्या बांधीत. हे आजच्या पोरांना अजिबात माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्वातंत्र्यानंतर देशात धान्याची टंचाई होती. आपल्याकडे तेव्हा कुठे आवत्या, कुठे मूठ-मूठ पऱ्हे घेऊन जमेल तशी रोवणी. जपानमध्ये एकराला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उतारा होता. मुंबईला बोरिवलीच्या कोरा केंद्रात त्या पद्धतीचे प्रयोग झाले आणि १९५३ च्या खरिपापासून ती देशभर मोहीम म्हणून राबवली गेली. केंद्रात कृषिमंत्री कोण होते? आपल्या विदर्भाचे, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांनी ती हिरिरीने पुढे नेली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता, महाराष्ट्र व्हायला अजून सात वर्षं होती.

पद्धत काय होती? बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, पोचट तरंगेल ते काढून फेकायचं, तळाशी बसेल ते धुऊन पेरायचं. पऱ्हे उंच गादीवाफ्यावर टाकायचे. बी कमी, खत जास्त. रोवणी दोरी लावून सरळ ओळीत. आणि ओळींमधून हाताने ढकलायचं फिरतं कोळपं चालवायचं, म्हणजे तण चिखलात गाडलं जातं आणि मुळांना हवा मिळते. बस्स, एवढंच. यात यंत्र असं काही नव्हतं. शिस्त होती.

मग ती टिकली का नाही? जुन्या माणसांना विचाराल तर एका सुरात सांगतील. दोरीने रोवायला वेळ दुप्पट लागतो, मजुरी वाढते. खत विकत घ्यायला हाती पैसा नव्हता. आणि पाणी! जपानी शेतकरी पाणी हवं तेव्हा सोडतो, हवं तेव्हा काढतो. आपलं सगळं मामा तलावावर आणि वरच्या पावसावर. १९६० च्या दशकाच्या शेवटी आयआर-८ सारखी संकरित म्हणून ओळखली गेलेली ठेंगणी वाणं आली, सरकारचं लक्ष तिकडे वळलं आणि "जपानी पद्धत" हा शब्द विरून गेला. पण पूर्ण मेली नाही बरं का. आज कृषी सहायक मिठाच्या पाण्याची बीजप्रक्रिया सांगतो ना, ती त्याच कुळातली. श्री पद्धतीत ओळी आणि कोळपं आहे, तिचं मूळ मादागास्करचं असलं तरी दोरी तीच.

आता तिसऱ्यांदा जपान आला आहे, मोचीच्या रूपात. आणि इथे मला खरं बोलायचं आहे.

हिशेब करा. २०२५-२६ च्या खरिपाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. क्विंटलभर धानातून सरकारी हिशेबाने ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे तांदूळ किलोला ३५ रुपयांच्या आसपास पडला. एका मोचीत पीठ पंधरा-वीस ग्रॅम धरा. आपल्या भावाने त्याची किंमत साठ-सत्तर पैसे! बाकीचे १२९ रुपये कुठे जातात? भाडं, वीज, दूध, पोरांचा पगार, आणि त्या कागदी कंदिलाचे. दुकानदार लुटतो असं मी म्हणत नाही. त्याने तांदळावर मेहनत केली, नाव दिलं, गोष्ट दिली, म्हणून त्याला पैसे मिळतात. आपण धान पोत्यात भरतो आणि रांगेत उभे राहतो. बोनस जाहीर झाला की फटाके, नाही झाला की रस्ता रोको. पंचवीस वर्षं मी याच बातम्या लिहितो आहे. फक्त आकडा बदलतो.

आपल्याकडे काय नाही? भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भात शिजला की दोन घरं पलीकडे वास जातो. पण त्या वासाची खीर, त्याचे अनारसे, त्याचे मुरमुरे नागपूरच्या कोणत्या दुकानात आपल्या नावाने मिळतात? बचत गटाच्या बाया प्रदर्शनात तीन दिवस टेबल लावतात, मग वर्षभर काही नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. ज्यांनी आपल्याला दोरी दिली, त्यांच्याकडे काय झालं? जपानने तांदूळ जास्त होतो म्हणून १९७० पासून जवळजवळ पन्नास वर्षं शेतकऱ्यांना पेरा कमी करायला लावला. पोरं शहरात गेली. आज तिथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय सत्तरीला टेकलं आहे. २०२५ मध्ये तांदळाचे भाव वर्षात दुपटीपर्यंत गेले, सरकारला राखीव साठा बाहेर काढावा लागला. मे महिन्यात त्यांच्या कृषिमंत्र्यांनी, मला तांदूळ विकत घ्यावाच लागत नाही, लोक आणून देतात, अशा अर्थाचं बोलून खुर्ची गमावली. एवढा शिस्तीचा, श्रीमंत देश. पण बांधीत उतरायला माणूस उरला नाही की हे असं होतं. लाखांदूरचा तो पोरगा आठवला आणि पोटात गोळा आला. त्याच्या गावात रोवणी करणाऱ्यांचं वय किती असेल?

घरी आईसाठी आईस्क्रीमशिवायची, लाल सारणाची एक मोची आणली होती. आईने विचारलं, "कुठं गेला होतास?" म्हटलं, "मोची खायला." ती म्हणाली, "चप्पल तुटली का?" घरभर हसलो.

मग तिने तो गोळा अर्धा तोडला, हळूहळू चावला. म्हणाली, "तांदूळच आहे. पण आपला नाही." मी सहज विचारलं, जपानी रोवणी आठवते का? आई सत्तरीची. आठवणार नाही असं वाटलं होतं. तिने हातातला गोळा ताटलीत ठेवला आणि दोन्ही हातांनी हवेत दोरी ताणून दाखवली. "मी इकडच्या टोकाला, माझी माय तिकडच्या. मी लहान, माझा हात दुखायचा, दोरी ढिली पडायची. माय ओरडायची, ताठ धर गं, वाकडी ओळ दिसली की मालक मजुरी कापते."

आपल्याला जपानी पद्धत सरकारने शिकवली, पुस्तकांत तेवढंच आहे. ती दोरी ज्यांनी धरली त्यांचं नाव कुठेच नाही.

त्या पोराचा नंबर घेऊन ठेवला आहे. त्याला म्हटलं, हे काम नीट शिकून घे. वाफवणं, मळणं, गोळा थंड ठेवणं, डबा बांधणं, सगळं. मग कधीतरी चिन्नोरचं काहीतरी कर, भंडाऱ्यात कर. तो म्हणाला, "भंडाऱ्यात कोन घेईन जी?"

हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो. कोण घेईल? तुम्ही घ्याल का? आणि ज्यांच्या घरात दोरीने रोवणी केलेली आजी किंवा आई आहे, त्यांनी आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा, विचारा आणि खाली लिहा. गावाचं नाव नक्की टाका.