रेंज सुरक्षा अधिकारी

सार्वजनिक नेमबाजी केंद्रावर (रेंजवर) गोळीबार सुरू करण्याची आणि थांबवण्याची आज्ञा देणारा, शिस्तीवर नजर ठेवणारा माणूस. अमेरिकेत, जिथे सामान्य नागरिक स्वतःची बंदूक घेऊन रेंजवर येतात, तिथे हे काम विशेष रूढ आहे. १८७१ मध्ये स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन त्यासाठी प्रशिक्षण देते.

अधिकाऱ्याची नजर लक्ष्यावर नसते, नेमबाजांच्या हातांवर असते. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, गोळीबार थांबला की चेंबर (काडतुसाचा कप्पा) रिकामे, हे तो सतत पाहतो. लक्ष्याचे कागद बदलायला कोणी पुढे गेले की मागे राहिलेल्यांनी बंदुकीला हातही लावायचा नाही. ‘सीज फायर’ (गोळीबार थांबवा) ही आज्ञा मात्र त्याची मक्तेदारी नाही. धोका दिसल्यास कोणीही ती ओरडून देऊ शकतो.

फुसका बार सर्वांत फसवा. आवाज क्षीण येतो, गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार काढल्यास नळी फाटू शकते. काडतूस उडालेच नाही तरी नळी समोर धरून थांबावे लागते, कारण दारू उशिरा पेटू शकते. ३० सेकंद थांबण्याचा संकेत बराच प्रचलित आहे. नवशिक्या मात्र हटकून बंदुकीसकट मागे वळतो!

भारतात खेळाच्या रेंजवर, उदाहरणार्थ पुण्यातील बालेवाडीत, हे काम रेंज ऑफिसर करतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चेंबर रिकामे असल्याची खूण म्हणून बंदुकीत भडक रंगाचा सुरक्षा-ध्वज खोचलेला असावा लागतो.