रूपदर्शकाचे दोन प्रमाद

कारखान्यांत तयार झालेला माल बाजारांत जाण्यापूर्वीं तो पारखणारा एक मनुष्य मध्यें उभा असतो. आजच्या कारखान्यांत त्यास गुणवत्ता-निरीक्षक म्हणतात. पूर्वीं टांकसाळ हा राज्याचा एक मुख्य कारखाना असे. तेथून निघालेलें नाणें पारखणारास कौटिल्य ‘रूपदर्शक’ म्हणतो, आणि आपल्याकडे त्याच कामास ‘पोतदार’ असे. या मनुष्याविषयीं सामान्य समजूत अशी कीं, खोटें पकडणें एवढेंच त्याचें काम. तो जितका कठोर तितका चांगला. ही समजूत अपुरी आहे, असें आम्हांस अर्थशास्त्राच्या आधारें दाखवावयाचें आहे. प्रश्न केवळ नाण्यांचा नाहीं. पोथ्या आणि कागदपत्र पारखणाऱ्या आपणां सर्वांचा आहे.

अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत टांकसाळीची व्यवस्था आली आहे. लक्षणाध्यक्षानें रुप्याचा जो पण पाडावयाचा तो 16 माषांचा. त्यांत चौथा हिस्सा, म्हणजे 4 माष, तांबें. 1 माष लोखंड, कथील, शिसें किंवा अंजन यांपैकीं एक. आणि उरलेले 11 माष रुपें. येथें हीण चोरून घातलेलें नाहीं, नियमानेंच घातलेलें आहे. त्यामुळें रूपदर्शकापुढील प्रश्न ‘हें शुद्ध आहे काय’ असा नसून ‘हें ठरविल्याप्रमाणें आहे काय’ असा आहे. निरीक्षकाच्या धंद्याचें सर्व मर्म या भेदांत आहे. व्यवहारांत कोणतें नाणें चालावें व राजाच्या कोशांत कोणतें घ्यावें, हें ठरविणें त्याजकडे असे. परीक्षणाबद्दल ‘पारीक्षिक’ नांवाची आकारणी होई. ती शेंकडा एक-अष्टमांश. ही आकारणी शेंकड्यावर आहे. किती नाणीं खोटीं ठरविलीं यावर नाहीं. खोटें पुष्कळ सांपडावें असा लोभ परीक्षकास राहूं नये, हा या रचनेचा गुण आम्हांस दिसतो.

आतां मुख्य वचनाकडे वळूं. चवथ्या अधिकरणाच्या पहिल्या अध्यायांत रूपदर्शकाच्या दंडाचा नियम आहे. चालू नाण्यांपैकीं जें दूषणार्ह नाहीं त्यास त्यानें दूषित ठरविलें, तर त्यास 12 पण दंड. आणि जें दूषणार्ह आहे तें दूषित न ठरवितां जाऊं दिलें, तरीही 12 पणच दंड. ‘कोप्य’ आणि ‘अकोप्य’ हे दोन शब्द तेथें जोडीनें येतात, व दोन्ही बाजूंस दंड सारखा आहे. याच प्रकरणांत खोटें नाणें पाडविणारास, घेणारास व चालविणारास एक हजार पण दंड, आणि तें कोशांत घालणारास वध, अशी शिक्षा आहे. म्हणजे लबाडीचा विचार निराळा व चुकीचा विचार निराळा. लबाडी कोशाविरुद्ध झाली तर शासन अत्यंत कडक. पण प्रामाणिक परीक्षकाची चूक मोजतांना ग्रंथकारानें तराजूचीं दोन्ही पारडीं समान धरलीं आहेत.

हा समभाव एकाच वाक्यापुरता नाहीं. दुसऱ्या अधिकरणांत सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणीं कसोटीच्या दगडाचें वर्णन आहे. आपला ‘कसोटी’ हा शब्द ‘कषपट्टिका’ या संस्कृत शब्दापासून आला, आणि ‘बावनकशी’ यांतील कस तोच. उत्तम निकष म्हणून कलिंग देशचा व तापीचा, मुगाच्या रंगाचा पाषाण सांगितला आहे. खानदेशांतील वाचकांस हें वाचून कौतुक वाटेल. आधीं परीक्ष्य सोनें घांसावें, मग माहीत असलेल्या कसाची वर्णिका घांसावी, आणि उंचसखल नसलेल्या जागीं दोन्ही रेघा एकरंगी दिसल्या म्हणजे कस जुळला. नखाच्या आडून गेरूची पूड झाडून रेघ तांबूस करणें, ही लबाडीही तेथें नमूद आहे. परंतु आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट पुढची. एका जातीचा दगड रंग खुलवून दाखवितो, तो विकणाराच्या हिताचा. दुसऱ्या जातीचा रंग दडवितो, तो विकत घेणाराच्या हिताचा. आणि जो सम रंग दाखवितो तो दोघांच्याही हिताचा. परीक्षेचें साधनच कोणाकडे तरी झुकतें असूं शकतें, आणि तें झुकतें कोणीकडे हें परीक्षकानें आधीं जाणलें पाहिजे, असा याचा अर्थ.

मराठी राज्यांत ही अडचण रोजची होती. न्यायमूर्ति रानडे यांनीं 1899 सालीं मराठी अमलांतील नाणीं व टांकसाळी यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून टांकसाळी परवान्यानें खाजगी इसमांकडे देण्याची वहिवाट स्पष्ट होते. अंकुशी, चांदवडी असे नाना शिक्क्यांचे रुपये चालत, व एकाचें मोल दुसऱ्यांत करतांना बट्टा बसे. गांवोगांव वसुलाचें नाणें पारखण्यास पोतदार असे. तो बहुधा सोनार. त्यानें हिणकस रुपया चांगला म्हटला तर तूट सरकारची. चांगला रुपया हिणकस म्हटला तर बट्टा रयतेच्या माथीं. पहिल्या चुकीची तक्रार करण्यास सरकारचे कारकून बसलेले. दुसऱ्या चुकीची तक्रार कुणब्यानें कोणापाशीं करावी? ज्या चुकीस वाली आहे ती चूक परीक्षक टाळूं लागतो, आणि निर्वालीचा भार वाढत जातो. दोन्हीं चुकांस सारखा दंड ठेवण्याचें कारण आम्हांस येथें दिसतें. पुढें ‘बट्टा लागणें’ हा प्रयोग माणसाच्या नांवलौकिकासही लागूं झाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

यंत्रांच्या युगांत मालाचे ढीग इतके वाढले कीं, प्रत्येक नग पाहणें अशक्य झालें. अमेरिकेंत टेलिफोनची सामग्री करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींत वॉल्टर शूहार्ट यांनीं 1924 सालीं नियंत्रण-आलेख प्रथम मांडला. हॅरॉल्ड डॉज व हॅरी रोमिग यांनीं 1929 सालीं नमुना-तपासणीची पद्धति प्रसिद्ध केली. थोड्या नगांवरून साऱ्या ढिगाचा निवाडा करावयाचा म्हटलें कीं चूक होण्याचा संभव आलाच. चांगला ढीग नाकारला जाण्याचा संभव ती ‘उत्पादकाची जोखीम’, आणि वाईट ढीग स्वीकारला जाण्याचा संभव ती ‘ग्राहकाची जोखीम’, असे दोन शब्द त्या शास्त्रांत रूढ आहेत. प्राध्यापक महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट 1947-48 सालीं कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेंत आले, आणि आपल्या कारखान्यांत या विद्येच्या प्रसारास चालना मिळाली. यावरून कौटिल्यास संख्याशास्त्र अवगत होतें, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्याचा नियम दंडनीतीचा आहे, गणिताचा नव्हे. परंतु निरीक्षक दोन तऱ्हांनीं चुकतो व दोन्ही चुका कोणास तरी भोंवतात, हा अनुभव दोहोंकडे एकच आहे.

तथापि या दोन चुकांत एक भेद आहे. सन्निधात्यानें रूपदर्शकानें शुद्ध ठरविलेलें नाणें घ्यावें व अशुद्ध ठरलेलें छेदून टाकावें, असें अर्थशास्त्र सांगतें. स्वीकारलेलें खोटें नाणें फिरतां फिरतां पुन्हां कोणाच्या तरी कसोटीवर येतें व उघडें पडतें; छेदलेलें खरें नाणें साक्ष देण्यास परत येत नाहीं. म्हणून अति कठोर परीक्षकाचे प्रमाद बाहेरच येत नाहींत, आणि तो निर्दोष म्हणून मिरवितो.

हें आम्ही स्वानुभवानें लिहीत आहों. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका खेड्यांतील वृद्ध गृहस्थांनीं घरचा रुमाल आम्हांस दाखविला. वरची पोथी गिरणीच्या कागदावर, अक्षर अलीकडचें. चार पानें उलटून ‘ही नवी नक्कल आहे, तात्या, ठेवण्यासारखें कांहीं नाहीं,’ असें सांगून आम्ही उठलों. शाळेंत तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासल्यानें निकाल लवकर देण्याची खोड जडलेली. त्यांनीं आमच्या शब्दावर विश्वासून तो रुमाल रद्दींत घातला. पुढें त्यांच्या घरच्या पंचांगांत दोन सुटीं पानें मिळालीं. कागद हातबनावटीचा, अक्षर पृष्ठमात्रांचें. झिजलेलीं आरंभींचीं पानें कोणी काळजीवाहू माणसानें नवीं लिहून जोडलीं होतीं, व आंतील पोथी जुनी होती. ती कोणत्या ग्रंथाची हें त्या दोन पानांवरून ठरत नाहीं, आणि आतां कधीं ठरणार नाहीं.

याच्या उलट गोष्ट अर्थशास्त्राच्या पोथीचीच आहे. तंजावर प्रांतांतील एका पंडितानें ती म्हैसूरच्या सरकारी ग्रंथालयास दिली, शामशास्त्री यांनीं 1905 सालीं ती विद्वानांपुढें आणली आणि 1909 सालीं छापली. त्या दिवशीं ग्रंथालयांत आमच्यासारखा उतावळा परीक्षक बसला असता, तर रूपदर्शकाच्या दंडाचा नियम आज आपणांस वाचावयासही मिळाला नसता.

म्हणून आमची संग्राहक मित्रांस एवढीच विनंति आहे. जें घ्याल त्याची नोंद आपण ठेवतोंच; जें नाकाराल त्याचीही ठेवावी. कोणाकडे पाहिलें, पत्रें किती, कागद कसला, अक्षर कसें, कोणत्या कारणानें नाकारलें, हें चार ओळींत लिहावें, आणि मालकास ‘टाकून द्या’ असें कधीं सांगूं नये. पुढचा परीक्षक ती नोंद पाहून पुन्हां त्या दारीं जाऊं शकेल. आमच्या हातून झालेला दंडार्ह प्रमाद 12 पणांनीं भरून येणारा नाहीं. निदान तो दुसऱ्यांच्या हातून न घडो.